धुळीच्या मुलखातलं ऑइल

ऑक्टोबर लागला की वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात सोयाबीनच्या सुड्या फोडायची घाई सुरू होते. ट्रॅक्टरच्या पीटीओला मळणी यंत्र जोडलं की सकाळी चालू झालेलं इंजिन रात्री उशिरापर्यंत एका जागी उभं राहून धडधडत असतं. किलोमीटर शून्य, तास बारा. भोवती कुटाराची धूळ अशी की दहा पावलांवरचा माणूस ओळखू येत नाही. मजूर तोंडाला दुपट्टा बांधतात. इंजिन मात्र तीच हवा आत ओढत राहतं. आणि मळणीच्या तोंडावर ऑइल बदलायला आलेला शेतकरी दुकानाच्या काउंटरवर विचारतो, साधं टाकू का सिंथेटिक?

प्रश्नात पैसा आहे. मध्यम ताकदीच्या ट्रॅक्टरच्या इंजिनात सात-आठ लिटर ऑइल बसतं. सिंथेटिकची किंमत साध्या ऑइलच्या दुप्पट, कधी तिप्पट. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झाला. त्याहून खाली माल विकावा लागणाऱ्या घरात दोन-अडीच हजारांचा फरक म्हणजे अर्धा क्विंटल सोयाबीन. एवढं मोल मोजून नेमकं काय मिळतं, हे नीट कळायला हवं.

माझं मत आधीच सांगतो. सिंथेटिक ऑइल खरोखर चांगलं असतं. पण आपल्या भागात इंजिन मरतं ते धुळीनं, उशीर केल्यानं आणि नकली मालानं. या तिन्हींवर महाग बाटलीत औषध नाही. काही इंजिनांना मात्र सिंथेटिकच द्यावं, आणि त्यात शेतातलं सगळ्यात छोटं इंजिन पहिल्या नंबरावर आहे.

इंजिन या मुलखात आलं ते आधी विहिरीवर. शंतनुराव किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केली आणि पुढच्या काही दशकांत, जिथे वीज पोचली नव्हती तिथे, डिझेल इंजिनांनी पाणी उपसलं. त्याआधी वंगण म्हटलं की बैलगाडीच्या आखाला घालायचं एरंडेल. गंमत अशी की मोटारींच्या सुरुवातीच्या काळात तिकडे विलायतेतही एरंडेलच कामाला आलं होतं. चार्ल्स वेकफिल्ड यांच्या कंपनीनं १९०९ मध्ये बाजारात आणलेल्या कॅस्ट्रॉलमध्ये एरंडेल मिसळलेलं होतं. आपल्या बांधावरच्या एरंडाचं तेल शर्यतीच्या गाड्यांत आणि विमानांत फिरत होतं.

दुचाकीचा काळ आला तो दोन-स्ट्रोकचा. अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना १९७२ मध्ये आली, मग बजाजच्या स्कूटर आणि एम-८०. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळायचं, ते पेट्रोलसोबत जळून जायचं. इंजिनाचं ऑइल 'बदलायचं' असतं ही सवयच त्या पिढीला लागली नव्हती. नंतर फोर-स्ट्रोक आल्या, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि गावोगाव झाली. तिच्या पोटात लिटरभरही ऑइल नसतं, आणि तेच ऑइल पिस्टन, गिअर आणि क्लच या तिघांना पुरवायचं असतं. ते संपेपर्यंत गाडी चालवायची आणि मग 'इंजन धरलं' म्हणून गॅरेजात ढकलत आणायची, हा प्रकार आजही बंद झालेला नाही.

सिंथेटिक ऑइलचा जन्म थंडीत झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडे कच्च्या तेलाचा तुटवडा होता आणि रशियाच्या हिवाळ्यात गाड्यांमधलं ऑइल घट्ट होऊन इंजिनं फिरत नव्हती. तेव्हा हरमन झोर्न यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत रेणू जोडून वंगणं तयार केली. युद्धानंतर जेट विमानांना असल्याच ऑइलची गरज पडली. अमेरिकेत मिनेसोटाच्या कडक थंडीत जेट स्क्वाड्रन सांभाळलेल्या अल अमाटुझिओ यांनी १९७२ मध्ये मोटारींसाठी ॲम्सऑइल आणलं. त्याच दशकाच्या मध्यावर मोबिल वन आलं. उणे तीस अंशांत पहिल्या सेल्फला इंजिन फिरावं, ही त्या ऑइलची पहिली करामत. रिसोडच्या कडाक्याच्या थंडीतही पारा शून्याच्या जवळ जात नाही. म्हणजे सिंथेटिकचा सगळ्यात गाजलेला गुण आपल्या फारसा उपयोगाचा नाही, हे विकत घेण्याआधी लक्षात ठेवलेलं बरं.

दुसरा गुण उष्णतेतला. साधं ऑइल कच्च्या तेलातून गाळून काढतात. त्यात लहान-मोठे, वेडेवाकडे सगळ्या आकारांचे रेणू राहतात. तापल्यावर हलके रेणू उडून जातात, काही हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट चिकट होतात. सिंथेटिकमध्ये रेणू बरेचसे एकसारखे असतात, म्हणून ते कमी उडतं, उशिरा बिघडतं आणि तापल्यावर पातळ होण्याचं प्रमाणही कमी. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा, हवेवर गार होणारं इंजिन आणि तिघं बसलेली मोटारसायकल, अशा वेळी हा गुण कामाला येतो.

मात्र बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलं म्हणजे प्रयोगशाळेत जोडलेले रेणूच आत आहेत, असं समजू नका. कॅस्ट्रॉलनं १९९७ च्या सुमारास अमेरिकेत आपल्या सिंथेटिक ऑइलमधला असा घटक काढून त्याजागी हायड्रोजनची कडक प्रक्रिया केलेलं खनिज तेल वापरलं. मोबिलनं तक्रार केली. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात-तक्रार मंडळानं निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं दिला. तेव्हापासून असं उच्च प्रक्रियेचं खनिज तेलही सिंथेटिक म्हणून विकलं जातं. ते वाईट असतं असं मुळीच नाही, त्याचे गुण खऱ्या सिंथेटिकच्या बरेच जवळ जातात. मुंबईत माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियमचा वंगणाच्या मूळ तेलाचा देशातला सर्वांत मोठा कारखाना आहे आणि असल्या सुधारित दर्जाचं तेल आता देशातच तयार होतं. पण 'सेमी-सिंथेटिक' किंवा 'सिंथेटिक टेक्नॉलॉजी' असं लिहिलेल्या बाटलीत किती टक्के काय आहे, हे बाटली सांगत नाही. त्यामुळे मी त्या मोठ्या अक्षरांकडे बघतच नाही, मागच्या बारीक अक्षरांकडे बघतो. तिकडे पुढे येऊच.

लांब पल्ल्याचा अनुभव काय सांगतो? याची एक मोठी चाचणी न्यूयॉर्कमध्ये झाली. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या मासिकानं ७५ टॅक्सी घेतल्या, त्यांची इंजिनं नवी बांधली, वेगवेगळ्या कंपन्यांची साधी आणि सिंथेटिक ऑइलं घातली आणि प्रत्येक गाडी ६० हजार मैल, म्हणजे जवळजवळ ९६ हजार किलोमीटर पळवली. काहींचं ऑइल तीन हजार मैलांना बदललं, काहींचं सहा हजारांना. मग इंजिनं उघडून कॅम, बेअरिंग यांची झीज मोजली. १९९६ च्या जुलै अंकात निकाल छापला. ऑइलांमध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता, तीन हजार आणि सहा हजारांतही नव्हता.

दुसरीकडे अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं २०१७ मध्ये ऑइलं प्रयोगशाळेत तपासली. वेगवेगळ्या कसोट्यांवर सिंथेटिक सरासरी ४७ टक्के सरस निघालं. ही दोन निष्कर्षांची टक्कर नाही. प्रयोगशाळेत ऑइलला मरेस्तोवर ताणतात, रस्त्यावर ते वेळेवर बदललं तर तितकं ताणलंच जात नाही. टॅक्सीचं इंजिन दिवसभर गरम असतं, थंड सुरुवाती कमी, म्हणजे मळणीच्या ट्रॅक्टरसारखंच. फरक एकच आणि तो फार मोठा आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर सोयाबीनचं कुटार उडत नाही.

म्हणून धुळीबद्दल जरा सविस्तर लिहितो. क्रँकच्या बेअरिंगमध्ये लोखंड लोखंडाला टेकत नाही, मध्ये ऑइलचा थर असतो. त्याची जाडी काही मायक्रॉन. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉनचा. धुळीतले पाच ते वीस मायक्रॉनचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण बरोबर त्या थरात अडकतात. माती म्हणजे बव्हंशी सिलिका, ती लायनरच्या आणि रिंगच्या लोखंडाहून कठीण. एकदा आत शिरली की पिस्टन वर-खाली होताना लायनर घासत राहतं. महिन्या-दोन महिन्यांत इंजिन ब्रीदरमधून धूर टाकू लागतं, ऑइल पिऊ लागतं, सकाळी चालू व्हायला कुरकुरतं. यात ऑइल कोणतंही असो. सर्वांत महागडं ऑइलसुद्धा धूळ गाळत नाही. ते काम एअर फिल्टरचं.

जुन्या ट्रॅक्टरला ऑइल-बाथ फिल्टर असतो. मळणीच्या मोसमात संध्याकाळी त्याची खालची वाटी एकदा काढून बघा. सकाळी खुणेपर्यंत भरलेलं पातळ ऑइल संध्याकाळी पिठल्यासारखं घट्ट झालेलं असतं, तळाला बोटभर गाळ बसलेला. त्या गाळात सापडलेली प्रत्येक चिमूट इंजिनात गेली नाही, हे त्या वाटीचे उपकार. वाटीतलं ऑइल घट्ट झालं की पुढची धूळ पकडायला जागा उरत नाही, ती सरळ आत जाते. धुळीच्या कामात ही वाटी दर आठ-दहा तासांनी तपासायची असते, म्हणजे रोज. काही जण खर्च वाचवायला वाटीत जळकं ऑइल ओततात. तेही करू नये, इंजिनाच्या ग्रेडचंच नवं ऑइल खुणेपर्यंत, खुणेच्या वर नाही.

नव्या ट्रॅक्टरांना कागदी फिल्टर आला आहे, बाहेरचा मोठा आणि आतला छोटा. तो टायरवर आपटून झाडायची सवय वाईट. आपटल्यानं कडा वाकतात आणि त्या फटीतून धूळ जाते. कॉम्प्रेसरचं जोरदार वारं जवळून मारलं तर कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. हवा मारायचीच तर आतून बाहेर, हलक्या दाबानं. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. आणि फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी पाइपची क्लिप सैल असेल तर फिल्टर नवा असून उपयोग नाही. सिंथेटिकसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून आधी हे करा. केनवड, मोप, रिठद, कुठलाही रस्ता घ्या, मळणीच्या हंगामात सगळीकडची हवा सारखीच.

दुसरा मुद्दा उशिराचा. ट्रॅक्टरचं ऑइल तासांवर बदलायचं असतं. अनेक ट्रॅक्टरांना कंपनीनं २५० तास सांगितलेले असतात, काहींना त्याहून जास्त. पण जुन्या ट्रॅक्टरचं अवर मीटर बंद पडलेलं असतं आणि ऑइल बदलतं ते पोळ्याला, दसऱ्याला किंवा पैसे हातात आले की. मग कुणाचं दीडशे तासांत बदलतं, कुणाचं पाचशेत. दसऱ्याला गाडीची पूजा करावी, झेंडूचा हार घालावा, पण ऑइलचा हिशेब मीटरनंच ठेवावा.

गॅरेजात जुन्या मिस्त्रींचा आग्रह असतो की कंपनी काही म्हणो, लवकर बदला. त्या आग्रहाला इतिहास आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत, म्हणजे दहा हजार पीपीएम असायचं. ते जळून आम्ल तयार व्हायचं, ऑइलमधली आम्ल मारणारी रसायनं भराभर संपायची. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं, त्यात गंधक फक्त दहा पीपीएम. हजारावा हिस्सा. मिस्त्रींचा नियम त्यांच्या काळात अगदी बरोबर होता. आज डिझेल बदललंय, म्हणून पुस्तिकेतल्या तासांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. फक्त पुस्तिकेत धुळीच्या कामासाठी कमी तास वेगळे लिहिले असतील तर ते आपले.

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, हा समजही सोडायला हवा. डिझेल इंजिनात नवं ऑइल एक-दोन दिवसांतच काळं होतं. काजळी पोटात धरून ठेवणं हे त्याचं काम आहे, ते ती धरतंय म्हणूनच काळं दिसतं. उलट डिपस्टिकवर पातळी आपोआप वर गेलेली दिसली तर धास्ती घ्या. त्यात डिझेल किंवा पाणी मिसळतंय. बीएस-६ डिझेल गाड्या रोज चार-पाच किलोमीटरच फिरवल्या तर धुराचा फिल्टर साफ करताना डिझेल ऑइलमध्ये उतरतं, आणि पातळी वाढते.

आता मोटारसायकल. इथे बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचावीच लागतात. जपानी मानकाचं 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं ऑइल ओल्या क्लचच्या मोटारसायकलसाठी. 'एमबी' लिहिलेलं गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. कारचं उत्तम सिंथेटिक मोटारसायकलमध्ये ओतलं तर त्यातली घर्षण कमी करणारी रसायनं क्लच घसरवू शकतात, इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. २०डब्ल्यू४० की १०डब्ल्यू३०, हे गाडीच्या पुस्तिकेवर ठरतं. 'इकडे ऊन जास्त, जाड टाका' या हिशेबानं ग्रेड बदलू नये. गिअरच्या दातांत ऑइलमधले लांब रेणू तुटतात, ऑइल पातळ पडतं आणि गिअर अडकून पडू लागतात. हे पायाला कळतं, आणि ऑइल बदलायची ती खरी वेळ. सिंथेटिक इथे जास्त टिकतं, गिअर नरम राहतात. हा अनुभव अनेक जण सांगतात आणि त्यामागचं कारण पक्कं आहे. गाडी रोज पन्नास-साठ किलोमीटर पळत असेल तर पैसे वसूल होतात. गावातल्या गावात दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत ते ऑइल मुदतीआधीच पाण्यानं आणि पेट्रोलच्या अंशानं बिघडतं, मग तिथे महाग कशाला?

टर्बो असलेल्या डिझेल गाडीला मात्र सिंथेटिकच हवं, त्यावर मी घासाघीस करणार नाही. रिसोडला रेल्वे नाही, माणसं गाड्यांवरच अवलंबून. २०२२ च्या डिसेंबरात नागपूरकडून समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि वाशीम जिल्ह्यातल्या गाड्या ताशी १२० च्या मर्यादेला टेकून तासन्‌तास पळू लागल्या. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे फिरतो, त्याला गार ठेवतं ते ऑइलच. साधं ऑइल तिथे करपून कोळसा धरतं. अशा गाडीतून उतरताना इंजिन लगेच बंद करू नये, एखादं मिनिट तसंच चालू ठेवावं.

आणि आता ते छोटं इंजिन. सोयाबीन सोंगायला, बांधावरचं गवत कापायला घराघरात ब्रश कटर आले. पाठीवरचे फवारणी पंप आले, वीडर आले. पस्तीस सीसीच्या फोर-स्ट्रोक ब्रश कटरमध्ये ऑइल बसतं फक्त १०० मिलीलिटर. चहाचा कपही भरत नाही. त्यावर ते इंजिन मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांनी भर उन्हात ओरडतं. ऑइल फिल्टर नाही, पंखा गवतानं झाकलेला. होंडाच्या अशा इंजिनात पहिलं ऑइल दहा तासांत आणि पुढे दर पन्नास तासांनी बदलायला सांगितलं आहे, ग्रेड १०डब्ल्यू३०. इथे सिंथेटिक टाकायला किती लागतात? शंभर मिलीचे शंभर रुपयांच्या आसपास. एक बाटली नऊ-दहा वेळा पुरते. साडेसात लिटरच्या ट्रॅक्टरसाठी जीव टांगणीला लावणारा माणूस या कपभर ऑइलकडे वर्षभर बघत नाही, आणि एक दिवस कटर जाम होतो.

दोन-स्ट्रोक यंत्रांचं वेगळं. पेट्रोलला २५:१ सांगितलं असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली, तेही टू-टी ऑइलच, 'जासो एफसी' किंवा 'एफडी' लिहिलेलं. घरात उरलेलं २०डब्ल्यू४० मिसळलं की राख धरते, प्लग काळा पडतो, सायलेन्सर चोंदतं. आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असल्यानं ते ओल धरतं. म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवा.

नकली मालाबद्दल थोडक्यात. नामांकित कंपनीची रिकामी बाटली भंगारातून परत भरली जाते. म्हणून सुट्टं ऑइल घेऊ नका, बिल घ्या, झाकणाखालची सीलपट्टी आणि क्यूआर कोड तपासा. गॅरेजात ऑइल बदललं की रिकामी बाटली आपल्यासमोर फोडून घ्या. स्वस्त पण अस्सल ऑइल महाग पण नकली ऑइलाहून शंभर पटीनं बरं. आणि गॅरेजात ऐकू येणारी एक गोष्ट सरळ खोटी आहे, की एकदा सिंथेटिक टाकलं की परत साधं टाकता येत नाही. ग्रेड आणि दर्जा जुळत असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. वाटेत पातळी खाली गेली तर मिळेल ते योग्य ग्रेडचं ऑइल टाका, कोरडं चालवू नका. ऑइल पिणाऱ्या जुन्या इंजिनात मात्र सिंथेटिक ओतून इंजिन सुधारणार नाही. रिंगा घासल्यात, त्या बदलाव्या लागतील.

काढलेल्या ऑइलचं काय होतं, हे मला या सगळ्यात जास्त खुपतं. वाळवीला म्हणून ते लाकडाला लावतात, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात, उरलेलं नालीत जातं. नालीतून ओढ्यात, ओढ्यातून पैनगंगेकडे. त्यात धातू असतात, कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं असतात. हात धुवायला डिझेल घेणाऱ्या गॅरेजमधल्या पोरांच्या कातडीतून ती शरीरात जातात. वापरलेल्या ऑइलची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकणारे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आहेत. ते रिसोडच्या गॅरेजांपर्यंत पोचावेत म्हणून नगर परिषदेनं गॅरेजवाल्यांची एक बैठक घ्यावी, एक बॅरल एका जागी ठेवावं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला ते नेऊ द्यावं. तोवर आपण आपल्या घरचं काढलेलं ऑइल एका झाकणाच्या डब्यात साठवू शकतो, त्याला पैसे लागत नाहीत.

अमेरिकेतले शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ मध्ये घेतलेली व्होल्वो २०१३ मध्ये तीस लाख मैलांच्या पुढे नेली. कसं जमलं असं विचारणाऱ्याला ते सांगत, गाडीसोबत आलेलं पुस्तक वाचा आणि त्यात लिहिलंय ते करा. आपल्या ट्रॅक्टरची पुस्तिका बहुतेक घरात कपाटाच्या वरच्या फळीवर, सातबाऱ्याच्या फायलीखाली असते. मराठीतलीही मिळते, विक्रेत्याकडे मागा. दिवाळीच्या सुट्टीत पोरं घरी आली की त्यांच्याकडून त्यातलं ऑइलचं पान काढून घ्या, ग्रेड आणि तास मडगार्डच्या आत रंगानं लिहून ठेवा, आणि बंद पडलेलं अवर मीटर हरभऱ्याच्या पेरणीआधी दुरुस्त करून घ्या.